एम.ए. अर्थशास्त्र, ८८ क्रेडिटचं: कोकणात राहून करावं का?

माझं एम.ए. अर्थशास्त्र यंदा पूर्ण झालं. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंड, नेवरे, जयगड भागातून बायकांचे फोन येतात. कुणाला स्वतःला शिकायचं असतं, कुणाला मुलीचा प्रवेश घ्यायचा असतो. प्रश्न सगळ्यांचा एकच, की हे नव्या शैक्षणिक धोरणाचं एम.ए. घेण्यासारखं आहे का. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

माझं बी.ए. जुन्या पद्धतीचं, तीन वर्षांचं. मध्ये लग्न, मुलं, सासऱ्यांचं आजारपण, घरची हापूसची कलमं. त्यातून वेळ काढून जिल्ह्याच्या गावी कॉलेजात जाऊन रेग्युलर एम.ए. केलं. कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. आखणी राज्यभर साधारण एकच आहे, आणि ज्या तक्रारी मी मांडणार आहे त्या ऐकल्यावर इतर कॉलेजांतल्या मुलीही "आमच्याकडेही हेच" म्हणतात.

माझं मत आधीच सांगते. अभ्यासक्रमाची आखणी मला मनापासून आवडली. आमच्यासारख्यांचा विचार करूनच कुणीतरी बसून ती केली असावी, असं वाटण्याइतकी. पण ती राबवणारी व्यवस्था, म्हणजे वेळापत्रक, सूचना, निकाल हे सगळं, त्या आखणीच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही मी सांगेन, घ्या प्रवेश. फक्त नियमांची पुस्तिका आधी वाचा.

आता ती आखणी. दोन वर्षं, चार सत्रं, दर सत्राला २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप), एकूण ८८. आमच्याकडे चार क्रेडिटच्या पेपरला वर्गातले ६० तास धरतात. प्रत्येक सत्रात मुख्य विषयाचे सक्तीचे पेपर आणि एक चार क्रेडिटचा इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या निवडीचा पेपर. त्याशिवाय पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, तिसऱ्यात चार क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आणि चौथ्यात सहा क्रेडिटचा. म्हणजे ८८ पैकी १८ क्रेडिट ही पद्धत शिकणं, बाहेर जाऊन काम करणं आणि स्वतः शोध घेणं याची. जुन्या एम.ए.ला आमच्या वेळच्या मुली गाईड पाठ करून पास व्हायच्या. इथे या १८ क्रेडिटांना गाईड नाही.

पहिलं वर्ष, म्हणजे ४४ क्रेडिट पूर्ण करून थांबायचं असेल तर पदव्युत्तर पदविका मिळते. याचं मोल मला वर्गातल्या एका मुलीमुळे कळलं. ती खेडकडची. पहिल्या वर्षानंतर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या हिशोब खात्यात तिला नोकरी लागली. घरच्या परिस्थितीत ती सोडणं शक्य नव्हतं. जुन्या नियमांत तिच्या हातात 'एम.ए. अर्धवट' एवढंच राहिलं असतं. आता पदविका आहे, आणि क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट साठवण्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा आहेत. ही व्यवस्था २०२१ पासून आहे आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत ती क्रेडिट वापरता येतात. बाळंतपण, बदली, आजारपण यांमुळे ज्यांचं शिक्षण सुटतं त्या बहुतेक बायकाच असतात. त्यांच्यासाठी हा एक नियम बाकी सगळ्या नियमांहून मोठा आहे. मात्र यासाठी डिजिलॉकरमधून आयडी काढावा लागतो आणि त्यावरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळावं लागतं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं आणि बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असेल, तर हे काम प्रवेशाच्या आधी मार्गी लावा. राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला जवळ ठेवा. आमच्या ऑफिसात या एका कारणासाठी बऱ्याच जणींनी खेपा घातल्या.

चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन येणाऱ्यांना हेच एम.ए. एका वर्षात करता येतं. माझ्यासारख्या तीन वर्षांच्या पदवीवाल्यांना दोन वर्षं. यात अन्याय वगैरे काही नाही, त्यांनी ते वर्ष आधीच दिलेलं असतं.

इलेक्टिव्हच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली. पुस्तिकेत यादी लांबलचक: कृषी अर्थशास्त्र, कामगार अर्थशास्त्र, पर्यावरणाचं अर्थशास्त्र, आणखी काय काय. मी कृषी अर्थशास्त्रावर डोळा ठेवून गेले होते. प्रत्यक्षात वर्गात मुलं कमी, शिकवणारे त्याहून कमी, त्यामुळे दर सत्राला एकच इलेक्टिव्ह चालवलं जायचं आणि तेच सगळ्यांनी घ्यायचं. एकच पर्याय असेल तर त्याला इलेक्टिव्ह का म्हणावं, हे मी विभागप्रमुखांना विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, की पूर्णवेळ पदं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या नेमणुका सत्र सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर येतात. त्या तासिका तत्त्वावरच्या सरांनी आम्हाला स्थूल अर्थशास्त्र इतकं जीव तोडून शिकवलं की अजून आठवतं. पण त्यांना स्वतःलाच पुढच्या सत्राची शाश्वती नव्हती. उत्तम आखणी अशी माणसांवाचून अडते, याचं मला फार वाईट वाटतं.

हजेरी ७५ टक्के सक्तीची आणि ती खरंच मोजतात. मोजावीच. अडचण एस.टी.ची आहे. आरे-वारे मार्गाने गाडी वेळेवर आली तर प्रवास सुखाचा, पण पावसात दरड आली की निवळीवरून वळसा. सुरुवातीला पीजीचे तास दुपारी उशिरा ठेवले होते, म्हणजे गावाकडच्या मुलींना परतताना काळोख. आम्ही लेखी अर्ज दिला, एस.टी.चं वेळापत्रक सोबत जोडलं, आणि प्राचार्यांनी तास अलीकडे घेतले. ही गोष्ट मुद्दाम सांगते. नियमांच्या चौकटीत कॉलेजला वेळ बदलण्याची मोकळीक असते आणि मागितलं तर मिळतं. तोंडी बोलून काही होत नाही, अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

गुण असे: चार क्रेडिटच्या पेपरला १००, त्यातले ५० अंतर्गत आणि ५० सत्रान्त लेखी परीक्षेचे. दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागतं. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. मी सगळे पेपर मराठीत लिहिले आणि त्यात कुठे गुण गेले असं वाटलं नाही. संज्ञा मात्र दोन्ही भाषांत पाठ ठेवा, कारण संदर्भपुस्तकं बहुतेक इंग्रजी आणि प्रश्नपत्रिकेतला मराठी अनुवाद कधीकधी इतका अवघड असतो की शेजारचा इंग्रजी प्रश्न वाचूनच अर्थ लागतो.

आता माझी खरी तक्रार, कॅलेंडरची. कोकणातलं वर्ष कसं चालतं हे इथे जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गौरी-गणपतीत घर भरलेलं, चाकरमानी आलेले. शिमग्यात पालखी घरी येते. एप्रिल-मे म्हणजे आंबा. आमची अंतर्गत चाचणी गौरी-विसर्जनाला लागून आली, तीही आदल्या रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळवलेली. दुसऱ्या सत्राची परीक्षा ऐन मे महिन्यात, जेव्हा पहाटेपासून काढणी, मग निवड, मग पॅकिंग, आणि रात्री गाडी भरायची असते. माझ्या घरच्यांनी सांभाळून घेतलं. ज्या मुली स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातात त्यांचा हा वर्षाच्या कमाईचा महिना असतो. सत्रान्त परीक्षेची तारीख विद्यापीठ ठरवतं, ती हलणं कठीण हे समजतं. अंतर्गत चाचण्या तर कॉलेजच्याच हातात आहेत! सत्राच्या पहिल्या आठवड्यात तारखा लावा, ग्रुपवर नको, फलकावर लावा, आणि मग त्या बदलू नका. यासाठी कुठल्या अनुदानाची गरज नाही.

ओजेटीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बहुतेक जण ते सहीपुरतं उरकतात आणि माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. चार क्रेडिट, आमच्या पुस्तिकेप्रमाणे १२० तास. जागा आपण शोधायची, कॉलेज पत्र देतं. पत्र मिळायलाच इतका उशीर झाला की काही मुलींनी ओळखीच्या दुकानातून दाखला आणला. मी खाडीकाठच्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीत गेले. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याआधीचे आठवडे तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते.

माझ्याकडे डिझेल परताव्याची कागदपत्रं दिली. मच्छीमार डिझेल पूर्ण दराने भरतो आणि त्यातला मूल्यवर्धित कर शासन नंतर परत करतं, सोसायटीमार्फत प्रस्ताव गेल्यावर. प्रत्येक नौकेची नोंदणी, परवाना, विमा आणि डिझेलची बिलं लावायची. पहिल्याच दिवशी सचिव म्हणाले, "वहिनी, आधी बोटीचा नंबर बघा, मग मालकाचं नाव. एका नावाची चार-चार माणसं आहेत गावात." त्या एका सूचनेमुळे माझं पुढचं सगळं काम सरळ झालं.

हळूहळू दुसरी वही बघायला मिळाली, फेरीच्या हिशोबाची. आलेल्या रकमेतून डिझेल, बर्फ, रेशन वजा आणि उरलेल्याचे वाटे: बोटीचा, जाळ्यांचा, तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाचा), खलाशांचा. माशांच्या व्यापाऱ्याकडून हंगामाआधी उचल घेतलेली असेल तर मासळी त्यालाच द्यायची आणि दरही तोच ठरवणार. परतावा यायला जितका उशीर, तितकी ही उचल वाढते. वर्गात सरांनी 'परस्परसंलग्न बाजार' फळ्यावर शिकवला होता, की कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच असला म्हणजे व्याज वेगळं दिसत नाही, मालाच्या भावात लपतं. तेव्हा ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं होतं. इथे एका तांडेलाच्या पानावर ते शाईने लिहिलेलं दिसलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवणं होईपर्यंत नवऱ्याला हेच सांगत होते.

कॉलेजने ओजेटीकडे बघावं तसं बघितलं नाही. शेवटी अहवाल, वहीवरच्या सह्या आणि दहा मिनिटांची तोंडी परीक्षा, एवढंच. कुणी शिक्षक मध्ये एकदाही जागेवर येऊन गेले नाहीत. जिल्ह्यात मच्छीमार सोसायट्या आहेत, पतसंस्था आहेत, काजूचे कारखाने आणि आंब्याची कॅनिंग आहेत, ग्रामपंचायती आहेत. कॉलेजने आधीच अशा दहा-पंधरा जागांची यादी करून ठेवली तर एकाही मुलीला खोटा दाखला आणावा लागणार नाही.

संशोधन प्रकल्पाने मला जे दिलं ते आधीच्या आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. विषय मी घरातलाच घेतला: हापूस मुंबईच्या मार्केटात पाठवणं आणि पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेटी विकणं, यातून बागायतदाराच्या हातात खरं किती राहतं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "प्रश्नावली नंतर. आधी मार्केटच्या पट्ट्या आणा." पट्टी म्हणजे माल विकल्यावर मार्केटातून येणारी हिशोबाची चिठ्ठी. आमच्याकडे जुन्या पट्ट्या तारेत टोचून ठेवलेल्या असतात. त्या घेऊन गेले. मॅडमनी एक पट्टी टेबलावर सरळ केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. पेट्या, डझन, दर, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि शेवटी दोन अक्षरांत लिहिलेली एक वजावट. मॅडमनी विचारलं, "ही कसली?" आमच्या घरात ती वर्षानुवर्षं येते आणि कुणी कधी विचारलेलं नाही. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला तेव्हा आडतीचा, म्हणजे दलालाच्या कमिशनचा, नियमही बदलला, हे मला तिथे कळलं. मग प्रत्येक बागायतदाराच्या पट्टीवरचा प्रत्येक रकाना विचारूनच लिहायचा, असं ठरलं. माझ्या स्वतःच्या घरच्या पट्ट्या नमुन्यातून वगळायला मॅडमनी सांगितलं. शिकायला वापरा, मोजायला नको.

थेट विक्रीचा भाव बघून सगळे हुरळतात. खर्चाच्या बाजूला लाकडी पेटी, गवत, कुरिअर, वाटेत दबलेलं फळ, कापल्यावर साका (आतला खराब पांढरट गर) निघाला म्हणून बदलून दिलेला डझन, हे बहुतेकांनी लिहून दिलं. कुणीही न लिहिलेली गोष्ट म्हणजे घरच्या बायकांचं काम. आढी लावणं (गवतात फळं पिकत घालणं), रोज फळं परतणं, पिकलेली वेगळी काढणं, आकाराप्रमाणे निवडणं, पेट्या भरणं, वर गिऱ्हाइकांचे फोन. विचारलं की उत्तर यायचं, "ते काय, घरचंच आहे." कृषी खर्च आणि मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना खिशातून झालेल्या खर्चात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवतो, त्या बेरजेलाच ए-टू अधिक एफ-एल म्हणतात. मॅडमनी तीच पद्धत मला लावायला सांगितली. गावातल्या मजुरीच्या दराने ते तास मांडल्यावर थेट विक्रीचा जादा दिसणारा नफा बऱ्याच घरांत पुष्कळ खाली आला. ते कोष्टक मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "माझे पण तास धरलेस ना?"

वाङ्मयाचा आढावा घेताना जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडलेला सिद्धांत वाचला. विकणाऱ्याला मालाची खरी जात माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे हटतो. कर्नाटकातला आंबा देवगड किंवा रत्नागिरी हापूस म्हणून विकला जातो तेव्हा आमच्या बागांवर काय येतं, ते याहून नेमकं कुणी सांगितलेलं मी वाचलं नाही. २०१८ साली हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येण्याची नोंदणी, हा त्यावरचा उपाय आहे, हे मग आपोआप उलगडलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी कोष्टकं खरंच वाचली होती आणि मजुरीचा दर हाच का धरला, यावर मला चांगलंच घेरलं. मला फार बरं वाटलं. प्रकल्पाचा मजकूर वाङ्मयचौर्य तपासणीतून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. इंटरनेटवरून उचलून प्रकल्प करण्याचा विचार असेल तर तो सोडा. एकतर पकडले जाल, आणि नाही पकडले गेलात तरी या अभ्यासक्रमातली सगळ्यात चांगली गोष्ट हातची घालवाल.

निकालांबद्दल थोडक्यात. उशिरा लागतात. पुढच्या सत्राचे तास सुरू होऊन गेल्यावर मागचा निकाल येतो, आणि एखादा पेपर राहिला असेल तर एटीकेटीच्या (राहिलेला पेपर पुन्हा देण्याच्या) अर्जाची मुदत अगदी तोंडावर आलेली असते. एका पेपरला मी अनुपस्थित दाखवले गेले होते. हॉल तिकीट आणि परीक्षेच्या दिवशीच्या सहीच्या पत्रकाची प्रत जोडल्यावर दुरुस्ती झाली, पण तोवर माझी झोप उडाली होती. सगळी हॉल तिकिटं शेवटची गुणपत्रिका हातात येईपर्यंत जपून ठेवा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतर करावा. आधी प्रत बघितली म्हणजे पैसे भरण्यात अर्थ आहे की नाही ते कळतं.

वाचनालय बरं आहे, वेळ कमी पडतो. वर्गातली बावीस-तेवीस वर्षांची मुलं मला ताई म्हणायची आणि एक्सेलमध्ये प्रतीपगमन (रिग्रेशन) कसं काढायचं ते त्यांनीच मला शिकवलं. संशोधन पद्धतीच्या पेपरला संगणक कक्ष आठवड्यातून एकदा तरी मिळायला हवा होता, तो क्वचितच मिळाला.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा विभागात बसून एवढं विचारा: या वर्षी कोणता इलेक्टिव्ह प्रत्यक्ष चालणार आहे, पूर्णवेळ शिक्षक किती, प्रकल्पाला मार्गदर्शक कोण आणि एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी, ओजेटीचं पत्र कधी मिळणार. उत्तर गुळमुळीत आलं तर जवळचं दुसरं कॉलेज बघा, नियम तेच आहेत. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा असतो, पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप पैसे येत नाहीत. आणि एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट असलं तरी रोज ये-जा असेल तर विद्यार्थी पास आणखी स्वस्त पडतो. त्याला कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसातून मागून घ्या.